मागच्या ओळीतल्या बाईलाही दिसावं म्हणून



ग्रामसंघाच्या बैठकीला तीस-पस्तीस बाया जमतात आणि लॅपटॉपचा पडदा असतो उघड्या वहीएवढा. पुढच्या दोन ओळींना दिसतं. मागच्या बाया थोडा वेळ माना उंचावून पाहतात, मग आपापसांत बोलू लागतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मागे बसणारी बहुतेक वेळा तीच असते, जिला वाचायला जड जातं किंवा जी नवीनच गटात आली आहे. विम्याचा दावा कसा करायचा, कर्जाचं व्याज कसं मोजतात, शेळीला लस कधी द्यायची, हे चित्र पाहून आणि कानाने ऐकून समजण्याची गरज तिलाच जास्त.

टीव्ही तर गावात असतोच. लॅपटॉप त्याला जोडला की काम झालं. पण ही जोडणी बहुतेक ठिकाणी गावातल्या एखाद्या पोराच्या हाती असते. तो कन्हानला कामावर गेला की त्या दिवशीचा व्हिडिओ राहिला! म्हणून आज ही जोडणी सांगतो. रेडिओवरून वायर दाखवता येत नाही, तेव्हा बोटांनी चाचपून ओळखता येईल अशा खुणा देतो.

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक चपटं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं रुंद छिद्र असतं. वरची बाजू रुंद, खालचे दोन्ही कोपरे तिरपे कापल्यासारखे. शेजारी एचडीएमआय लिहिलेलं असतं. तसंच छिद्र बऱ्याच लॅपटॉपच्या बाजूलाही असतं. दोन्हींना जोडणारी वायर मोबाइलच्या दुकानात मिळते. हिचा मोठा गुण असा, की चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरमधून जातात. आत एकोणीस बारीक तारा असतात. ही वायर २००२ च्या शेवटी ठरलेल्या पद्धतीची, म्हणून त्याआधीच्या टीव्हीला ती लागत नाही. पाच मीटरची घ्या, म्हणजे टीव्ही भिंतीवर आणि लॅपटॉप टेबलावर राहील. फार लांब घेऊ नका, दहा-पंधरा मीटरच्या पुढे चित्र अडखळू लागतं. या वायरला खटका नसतो, त्यामुळे लेकराचा पाय अडकला की ती निसटते. भिंतीच्या कडेने न्या.

वायर लावताना टीव्ही आणि लॅपटॉपचा चार्जर दोन्ही बोर्डावरून काढून ठेवा. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे वायरच्या लोखंडी टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात, ओल्या हाताला जास्तच. आधी वायर, मग वीज. चार्जर तीन पिनांचा असेल तर तीन छिद्रांच्या बोर्डातच लावा, तिसरी पिन उगाच नसते.

आता टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट नावाचं बटण दाबा. यादी येते. एक नंबरच्या छिद्रात बहुधा सेट टॉप बॉक्स असतो, म्हणून तुमची वायर दोनमध्ये असेल तर यादीतही दोनच निवडा. ‘सिग्नल नाही’ असं दिसलं की बाया घाबरून वायर उपटतात. तसं करू नका. लॅपटॉपवर खिडकीच्या चिन्हाचं बटण दाबून ठेवा आणि इंग्रजी पी दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे सारखंच, पडदा वाढवून, आणि फक्त टीव्ही. बैठकीसाठी दुसरा, म्हणजे डुप्लिकेट. तिसरा निवडला तर टीव्हीवर नुसतं मागचं चित्र दिसतं, व्हिडिओ लॅपटॉपवरच राहतो आणि सगळ्यांना वाटतं की बिघडलं.

सर्वांत जास्त विचारणा आवाजाची होते. चित्र टीव्हीवर, आवाज मात्र लॅपटॉपमधूनच! लॅपटॉपला आवाज कुठे पाठवायचा ते सांगावं लागतं. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह असतं. ते दाबलं की आवाजाची पट्टी दिसते, तिच्या बाजूच्या बाणावर गेलं की नावं येतात. त्यांत टीव्हीच्या कंपनीचं नाव निवडा. व्हिडिओ आधीच सुरू असेल तर बंद करून पुन्हा लावा. तरी आवाज नाही? मग लॅपटॉपची पट्टी, व्हिडिओची पट्टी आणि टीव्हीचा रिमोट, तिन्हीकडे पाहा. एकीकडे जरी आवाज बंद असला तरी सगळीकडे शांतता. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, मोठ्या सभागृहात ते पुरत नाहीत. भजनी मंडळाचा स्पीकरबॉक्स असेल तर बारीक गोल पिनची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात लावून आवाज तिकडे घ्या. चित्र टीव्हीवर, आवाज बॉक्सवर, हेही चालतं.

जुन्या लॅपटॉपला निळं, पंधरा छिद्रांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं तोंड असतं. त्याला व्हीजीए म्हणतात, पद्धत १९८७ ची. त्यातून फक्त चित्र जातं. आवाजासाठी ती गोल पिनची वायर वेगळी लागतेच, मग रिमोटशी कितीही झटापट करा. आणि लाल, पांढरी, पिवळी अशी तीन छिद्रं असलेला डबा टीव्ही असेल तर मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो. दुकानात ‘एचडीएमआयमधून एव्हीकडे’ असं स्पष्ट सांगा. उलट्या दिशेचाही अगदी तसाच दिसतो आणि तो कामाचा नाही. त्याला यूएसबीची वीज द्यावी लागते. पण जुन्या टीव्हीवर अक्षरं फिसकटतात. शेळीपालनाचा व्हिडिओ चालेल, बँकेचा फॉर्म वाचता येणार नाही.

काही नव्या लॅपटॉपना फक्त मोबाइलच्या चार्जरसारखं लांबट, गोल कडांचं छिद्र असतं. त्यालाही जोड मिळतो, मात्र अशा प्रत्येक छिद्रातून चित्र जातंच असं नाही. लॅपटॉप दुकानात सोबत नेऊन लावून पाहा, मगच पैसे द्या.

कोलितमाऱ्यासारख्या जंगलाला लागून असलेल्या गावांत नेटच्या भरवशावर बैठक ठेवू नये. व्हिडिओ आदल्या दिवशीच लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावा. लॅपटॉपचं झाकणही लावू नका, तो झोपी जातो आणि टीव्ही काळा पडतो.

फक्त एखादा व्हिडिओच दाखवायचा असेल तर लॅपटॉपचीही गरज नाही. तो पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या यूएसबीमध्ये लावा, बहुतेक नवे टीव्ही तो वाचतात. हिशेबाचा तक्ता किंवा फॉर्म भरून दाखवायचा असेल तेव्हा मात्र लॅपटॉप आणि वायर दोन्ही सोबत न्या. वायर ग्रामसंघाच्या साहित्य नोंदवहीत लिहून, कुणाकडे आहे तेही लिहून ठेवा.