चार मालक, एक बॉक्सटर

सकाळी ६.३०

गाडी बघण्याआधी कागद बघायचे, हा माझा नियम. नाशिकच्या एका डॉक्टरांना पोर्शे बॉक्सटर एस घ्यायची आहे. गाडी पुण्यात आहे आणि घ्यावी की नाही ते मी सांगायचं आहे. काल रात्री त्यांनी आरसी आणि बिलांचे फोटो पाठवले, सोबत एक ओळ : “घरचे म्हणतात, चौथा मालक म्हणजे गाडीत काहीतरी असणारच.”

ही भीती मला नेहमी ऐकू येते. पण स्पोर्ट्स कार एका घरात फार काळ टिकत नाही. दोनच सीट, जमिनीलगत बसलेली बांधणी, आपले गतिरोधक. घरात मूल आलं, बदली झाली, पैशाची गरज पडली की सगळ्यात आधी हीच गाडी विकायला निघते. पंधरा वर्षांत चार मालक होणं या वर्गात अगदी साधं आहे. मी मालक मोजत बसत नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना गाडीची हकीकत सलग राहिली का, ते बघतो.

पहिली नोंदणी सप्टेंबर २०११, मुंबईत, एका कंपनीच्या नावावर. २०१४ मध्ये मुंबईतच दुसरा मालक. २०१६ मध्ये बेंगळुरू. २०१९ पासून पुणे. राज्य बदललं की नंबर बदलतो, त्यामुळे आजच्या एमएच १२ पाटीवरून मागचं काहीच कळत नाही. चॅसिस नंबर मात्र जन्मापासून तोच असतो, म्हणून शोध त्याच्यावरूनच घ्यायचा. बँकेचा बोजा उतरलेला आहे, ई-चलान थकलेलं नाही. नोंदणीची १५ वर्षांची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. नूतनीकरण, आरटीओची तपासणी आणि हरित कर नव्या मालकाच्या वाट्याला येणार, हे टिपून ठेवलं.

मग बिलं तारखेनुसार लावली आणि प्रत्येकावरचे किलोमीटर शेजारी मांडले. २०१४ मध्ये १९,२००. ऑगस्ट २०१६ मध्ये २९,६००. २०१९ मध्ये ३०,५००. आज ३८,४००. बेंगळुरूच्या जवळजवळ तीन वर्षांचं एकही बिल नाही आणि तेवढ्या काळात गाडी चालली अवघी ९०० किलोमीटर. याचे तीन अर्थ निघतात : मोठा अपघात होऊन ती गॅरेजात पडून होती, मीटर मागे फिरवलं, किंवा ती नुसती उभी राहिली. तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे. आजचा दिवस यातलं खरं काय ते शोधण्याचा.

सकाळी ७.३०

विकणारे काका दारातच भेटले. “सुरू करून गरम करून ठेवू का?” असं त्यांनी काल विचारलं होतं. “नको काका, रात्रभर थंड राहू द्या,” असं मी सांगितलं होतं. आल्या आल्या सायलेन्सरच्या नळीला हात लावला. थंडगार. काकांनी शब्द पाळला होता. विक्रेत्याबद्दलची पहिली नोंद चांगली झाली.

सुरू करताना मागे पांढरा रुमाल धरून उभा राहिलो. या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं असतं, सिलिंडर दोन्ही बाजूंना झोपलेले. उभ्या गाडीत थोडं तेल त्यांत उतरतं आणि सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत येऊ शकतो. तो क्षणात विरला तर घाबरायचं कारण नाही. धूर येतच राहिला किंवा एकाच बाजूने टक-टक ऐकू आली, तर पुढची तपासणी फार कडक करायची. इथे धूर लगेच थांबला आणि आवाज दोन्हीकडून सारखा होता.

बॉक्सटर म्हटलं की लोक एका बेअरिंगबद्दल हमखास विचारतात. २००८ पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होऊन पूर्ण इंजिन गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तो प्रश्न रास्त आहे. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने नवं इंजिन बसवलं आणि त्यात तो शाफ्टच नाही. ही गाडी ३.४ लिटरची, ३१० अश्वशक्तीची, नव्या इंजिनाची. चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर ‘बी’, म्हणजे २०११ चं मॉडेल. अकरावं ‘यू’, म्हणजे फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीच्या कारखान्यात जुळलेली. त्या काळात अनेक बॉक्सटर तिथेच बनल्या, त्यात काही खोट नाही.

सकाळी ८.३०

आता पत्रा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन एकेक भाग तपासला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. दारं, खांब, उंबरे सगळे त्याच पट्ट्यात. उजवीकडचा मागचा पत्रा मात्र २६० ते ३२०. म्हणजे पुन्हा रंगवला आहे. पुट्टी भरलेली असती तर आकडा हजाराच्या पुढे गेला असता. बॉक्सटरचा हा भाग जोडून पक्का केलेला असतो, नटबोल्ट काढून बदलता येत नाही. त्यामुळे मागच्या डिकीतला गालिचा उचलून आतली शिवण बघितली. कारखान्याचं सीलंट सरळ आणि अखंड होतं. कापाकापी झालेली नाही.

फाइलमध्ये २०१५ चं मुंबईचं बिल सापडलं : पार्किंगच्या खांबाला घासून गेलेल्या पत्र्याचा रंग. पत्रा आणि कागद एकच गोष्ट सांगतात तेव्हा माझ्या दृष्टीने तो दोष मिटतो. रंगवलेला पत्रा मी माफ करतो, पण लपवलेला नाही.

काचांवरचे सालाचे शिक्के आणि सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरची तारीख, सगळं गाडीच्या वयाशी जुळतं. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वास घेतला, पुराच्या पाण्याचा गाळ त्या विणीत वर्षानुवर्षं राहतो. बेल्ट स्वच्छ होते. छताचं कापड उघडून पाणी वाहून जाण्याच्या भोकांत मगभर पाणी ओतलं. डावीकडचं झटकन खाली गेलं, उजवीकडचं तुंबलं. पानांचा चुरा अडकला होता. आपल्या पावसात हे तुंबलेलं भोक फार महाग पडतं, कारण पाणी सीटखाली शिरतं आणि वायरिंगचे जोड सडवतं. सीटखाली हात घालून पाहिला, गालिचा कोरडा होता. सफाई लिहिली.

सकाळी १०.००

ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. अपघाताचा अर्थ इथे निकालात निघतो. पुढच्या बंपरमागच्या आडव्या पट्टीच्या बोल्टांवर पान्याची एकही खूण नाही. दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे हात एकाच वयाचे. पोटाखाली गतिरोधकांचे ओरखडे आहेत, ते असणारच.

उभं राहण्याच्या खुणा मात्र भरपूर. चारही टायरवर ‘३११९’, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. पुण्यात आल्या आल्या चारही बदलले होते, कारण आधीचे एका जागी उभे राहून बसले असणार. त्या बिलात नवी बॅटरी आणि पेट्रोल पंपही आहे. नक्षी अजून ५ मिलिमीटर, पण रबर कडक झालं आहे. सात वर्षांचे टायर या वेगाच्या गाडीला चालणार नाहीत. सस्पेन्शनच्या बुशांना बारीक चिरा. पुढच्या जाळ्यांमागे टॉर्च मारली तर रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरवर सुकलेल्या पानांचा थर, त्याखाली पाती खाल्ली गेलेली. गॅरेजवाले मामा म्हणाले, “चालवलेली गाडी झिजते, उभी केलेली कुजते.” त्यांच्या या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

सकाळी ११.३०

आता संगणक. मीटर फिरवणारे डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात, पण इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन किती तास चाललं याची वेगळी नोंद असते. इथे १,४१२ तास. ३८,४०० ला १,४१२ ने भागलं की ताशी २७ किलोमीटर, शहरात चालणाऱ्या गाडीला शोभणारा सरासरी वेग. हाच भागाकार १०-१२ वर आला असता तर किलोमीटर कमी केल्याचा संशय घ्यावा लागला असता. मीटर खरं आहे.

पुढची नोंद जास्त बोलकी. मर्यादेपलीकडे इंजिन किती वेळा फिरलं, ते सहा कप्प्यांत साठवलेलं असतं. खालच्या कप्प्यांत मर्यादेला टेकलेल्या दाबून चालवण्याच्या नोंदी येतात. वरच्या कप्प्यांत आकडा दिसला तर चुकीचा गिअर पडून इंजिनाला धक्का बसलेला असतो. या गाडीत दोन क्लचचा सात गिअरचा पीडीके आहे, तो चुकीचा गिअर पडू देत नाही, म्हणून वरच्या तीन कप्प्यांत शून्यच हवं. शून्यच आहे. खालच्या कप्प्यातली शेवटची नोंद ६४० व्या तासाची. हिशेब केला तर ती सतरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पहिल्या मालकाच्या काळातली. त्याने गाडी हौसेने पळवली, नंतरच्या तिघांनी जपून. मालक बदलतात, तरी प्रत्येकाची सवय यंत्रात अशी नोंदलेली राहते.

काल रात्री कोणी चुका पुसल्या आहेत का, तेही बघितलं. पुसल्या असत्या तर युनिटच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या असत्या. सगळ्या पूर्ण आहेत.

दुपारी १.००

काकांनी जुन्या मालकाशी फोन जोडून दिला. बेंगळुरूच्या गृहस्थांनी सरळ सांगितलं की कंपनीने त्यांना परदेशी पाठवलं आणि गाडी सोसायटीच्या तळघरात राहिली, ड्रायव्हर कधीमधी फिरवायचा. सकाळपासून गाडी हेच सांगत होती. मी फोन नेहमी तपासणीनंतर करतो. आधी ऐकलं की डोळे तेवढंच शोधतात.

दुपारी २.३०

कात्रजच्या जुन्या घाटात. चढावर पूर्ण जोर, तापमानाचा काटा जागेवर. गिअर बदलताना धक्का नाही. उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित थरथरतं, कारण उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि पृष्ठभाग असमान होतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, शेवटचं बिल चार वर्षांपूर्वीचं. वळणात मात्र गाडी सरळ आणि शांत. मधोमध बसवलेल्या इंजिनाचा तोल काय असतो ते इथे कळतं आणि लोक या गाडीसाठी एवढा जीव का टाकतात तेही.

दुपारी ४.३०

अहवाल. पहिल्या वर्षाचा खर्च : चार टायर, पुढच्या डिस्क आणि पॅड, ब्रेक ऑइल, बुश, कंडेन्सर, पीडीकेचं तेल, छताच्या नळ्यांची सफाई. दोन्ही किल्ल्या आणि चाकाच्या लॉक बोल्टचा सॉकेट हजर. हा सॉकेट हरवला तर चाक काढणं मुश्कील होतं. पंक्चरच्या सीलंटची मुदत संपलेली. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे आजचा भाव मांडला आणि बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा केली. काकांनाही तोच कागद दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि दोन बाबींवर घासाघीस करून बाकीचं मान्य केलं.

संध्याकाळी ६.००

डॉक्टरांना फोन. “घ्या,” मी म्हटलं, “पण या किमतीला, आणि टायर-ब्रेक आधी, हौस नंतर. आत्ता नाशिकपर्यंत चालवत नेऊ नका, टोइंगच्या गाडीवर न्या.”

“आणि चौथ्या मालकाचं काय?”

“डॉक्टर, चारही मालकांचा हिशेब लागला. मधली तीन वर्षं ती उभी होती, त्याचा खर्च मी किमतीतून काढला आहे. एका मालकाची, फाइल नसलेली गाडी तुम्ही आणली असती तर मी नको म्हटलं असतं.”

त्यांना पुढचं सांगितलं ते इथेही लिहितो, कारण अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ३० दिवसांत नाव लावून घ्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर न्या, जागेवर सुरू करून बंद करणं पुरत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, इंजिन ऑइल दर वर्षी, किलोमीटर झाले नसले तरी. आणि प्रत्येक बिल, अगदी पंक्चरचंही, त्याच फाइलमध्ये लावा. कधीतरी तुम्हीही ती विकणार आहात, आणि पुढच्या माणसाला तुमच्या वर्षांचा हिशेब लागला पाहिजे.