विश्लेषण : दोनदा ‘ल मान’ जिंकलेल्या मोटारीचे मूळ भाग उरलेच नाहीत, तरी ती ‘अस्सल’ कशी?

शर्यतीच्या जुन्या मोटारीची किंमत तिच्या पत्र्यावर नव्हे, तर तिच्या इतिहासावर ठरते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एका फेरारी २५० जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. अशा ३६ मोटारी फेरारीने बनवल्या, पण प्रत्येकीची किंमत वेगळी. कारण प्रत्येकीने जिंकलेल्या शर्यती वेगळ्या. त्यामुळे ‘ही मोटार तीच का?’ हा प्रश्न कोट्यवधींचा ठरतो. मात्र शर्यतीच्या मोटारी धडकतात, जळतात, त्यांची इंजिने बदलली जातात. सगळेच बदलले, तर ओळख उरते कशात? लंडनमधील एका न्यायालयाला १९९० मध्ये या प्रश्नाचे थेट उत्तर द्यावे लागले होते.

‘ओल्ड नंबर वन’ ही मोटार कोणती?

१९२० च्या दशकात फ्रान्समधील ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीवर ब्रिटनच्या बेंटली कंपनीचे वर्चस्व होते. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलीनेच पटकावले. त्यात पहिली आली ती साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’. ती चालवत होते वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. बार्नाटो हे दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झालेल्या घराण्याचे वारस आणि बेंटली कंपनीचे अध्यक्षही. १९३० मध्ये त्यांनी ग्लेन किडस्टन यांच्या साथीने याच मोटारीवर पुन्हा ल मान जिंकली. लागोपाठ दोन वर्षे ल मान जिंकणारी मोटार म्हणून तिचे नाव झाले आणि ‘ओल्ड नंबर वन’ ही तिची ओळख कायमची चिकटली.

मग तिचे भाग बदलले कसे?

शर्यतीचा संघ मोटारीकडे ठेवा म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी ते जिंकण्याचे हत्यार असते. त्यामुळे प्रत्येक हंगामात झिजलेले भाग काढून नवे बसवले गेले, जास्त ताकदीचे भाग आले, काही भाग दुसऱ्या मोटारींना लागले. १९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. मोटार मात्र धावत राहिली. त्या वर्षी इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे ५०० मैलांची शर्यत तिने जिंकली. १९३२ पर्यंत तिच्यात आठ लिटरचे इंजिन आणि दुसरी चासी बसवण्यात आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुकलँड्सच्याच शर्यतीत ती उंच उतरत्या वळणाच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच ठार झाले. अपघातानंतर बार्नाटो यांनी ती रस्त्यावर वापरण्याजोगी बंद मोटार म्हणून पुन्हा बांधून घेतली. पुढच्या काळात तिच्यावर पुन्हा काम झाले. दरवर्षी नवे ठिगळ लागत गेलेल्या गोधडीत शेवटी मूळ लुगड्याचा धागाही सापडू नये, तशी तिची गत झाली होती.

वाद न्यायालयात का गेला?

त्या काळात जुन्या मोटारींच्या किमती भडकल्या होत्या. ६ एप्रिल १९९० रोजी ‘ओल्ड नंबर वन’चा सौदा तब्बल एक कोटी पौंडांना ठरला. खरेदीदार कंपनीने नंतर पैसे देण्यास नकार दिला. तिचे म्हणणे असे, की आम्ही ‘ओल्ड नंबर वन’ घेण्याचा करार केला होता. समोर उभी असलेली मोटार ती नाहीच. मालकाने कंपनीला लंडनच्या उच्च न्यायालयात खेचले. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार’ या नावाने हा खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती ओटन यांच्यापुढे बेंटलीचे जाणकार साक्षीला उभे राहिले. मोटारीचा एकेक भाग कोणत्या वर्षाचा, याचा हिशेब मांडला गेला.

हिशेबात काय निघाले?

निष्कर्ष मालकाच्या छातीत धडकी भरवणारा होता. १९२९ मध्ये जिंकलेल्या मोटारीचे काहीही शिल्लक नव्हते. काही किरकोळ जोडणीचे भाग होते, पण त्यांचा काळ सांगणे अशक्य होते. १९३० च्या विजेत्या मोटारीतले उरले होते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. १९३२ च्या, म्हणजे अपघात झालेल्या मोटारीचे मात्र बरेच काही टिकले होते: चासीचा सांगाडा, स्प्रिंगांची व्यवस्था, पुढचा ॲक्सल, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन आणि काही मापक तबकड्या. थोडक्यात, ज्या दोन विजयांसाठी एक कोटी पौंड मोजले जाणार होते, त्या विजयांच्या वेळचे मूठभरच लोखंड हाती उरले होते.

तरी निकाल मालकाच्या बाजूने कसा लागला?

२७ जुलै १९९० रोजी दिलेल्या निकालात न्यायमूर्ती ओटन यांनी शब्द नीट वेगळे केले. ही मोटार ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. तसे म्हणायचे तर ती विजयाच्या दिवशी होती त्याच रूपात असायला हवी. पण ती नक्कल नाही, बनावट नाही आणि दुसऱ्याच मोटारीला दिलेले उसने नावही नाही. म्हणून तिला ‘अस्सल’ म्हणता येते, असे न्यायालयाने ठरवले.

त्यामागचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. नवे भाग एका रात्रीत नव्हे, तर टप्प्याटप्प्याने आणि मोटार शर्यतीत धावत असताना बसवले गेले. प्रत्येक टप्प्यावर ती तीच मोटार म्हणून ओळखली गेली. सलग चार हंगाम ती वरच्या दर्जाच्या शर्यतींत उतरली आणि तिच्या इतिहासाच्या साखळीत कुठेही खंड पडला नाही. शिवाय, ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर दावा सांगू शकेल अशी दुसरी बेंटली अस्तित्वात नाही आणि कधी नव्हतीही. सौद्यात धातूइतकाच इतिहास आणि लौकिक विकला जात होता, असे न्यायालयाचे म्हणणे. जुन्या मोटारींच्या जगात हा निकाल आजही आधार मानला जातो.

एरवी मोटारीची ओळख पटवतात कशी?

सुरुवात क्रमांकांपासून होते. आपल्याकडे जुनी गाडी नावावर करताना चासीवर कोऱलेल्या क्रमांकाचा पेन्सिलने ठसा काढतात, तेच काम येथे अधिक बारकाईने होते. चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांवर स्वतंत्र क्रमांक असतात. ते कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहिले जातात. आकड्यांचा आकार, त्यांतले अंतर, ठोकण्याची खोली हे सगळे त्या काळच्या साच्यांशी जुळावे लागते. क्रमांक घासून नवा ठोकला असेल, तर खालचा दाबला गेलेला धातू आम्ल लावल्यावर वेगळा दिसतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटू शकतो.

दुसरा पुरावा छायाचित्रांचा. त्या काळी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून मोटारीचा सांगाडा मढवत. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन मोटारी तंतोतंत सारख्या नसत. रिव्हेटांची रांग, हवा खेळण्यासाठी पाडलेल्या खाचांची संख्या, इंधनाच्या झाकणाची जागा, दुरुस्त केलेला पोचा या खुणा जुन्या छायाचित्रांशी पडताळतात. रंग खरवडला की खालचे थर मोटार आधी कोणत्या संघाच्या रंगात होती, ते सांगतात. तिसरा पुरावा कागदांचा: शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीच्या नोंदी, विक्रीच्या पावत्या, विमा आणि सीमाशुल्काचे कागद. मालकांची साखळी कारखान्यापासून आजपर्यंत अखंड असेल, तर दावा भक्कम होतो. मधली दहा वर्षे गायब असतील, तर संशयाला जागा राहते.

क्रमांक जुळला की काम झाले का?

नाही, आणि खरी मेख येथेच आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत युरोपातील संघ देशोदेशी फिरत. सीमेवर प्रत्येक मोटारीसाठी सीमाशुल्काचा परवाना लागे आणि त्यावर चासी व इंजिनाचे क्रमांक लिहिलेले असत. एखादी मोटार धडकली आणि तिच्या जागी दुसरी न्यायची झाली, की काही संघ जुन्या मोटारीची क्रमांकपट्टी काढून नव्या मोटारीवर बसवत. कागद तोच, क्रमांक तोच, मोटार मात्र वेगळी. फसवणुकीचा हेतू नव्हता. पुढच्या शर्यतीला वेळेवर पोहोचायचे होते. पण अर्धशतकानंतर याच पट्ट्या संशोधकांची डोकेदुखी ठरतात.

रंगही फसवतो. पोर्शला १९७० मध्ये ल मानचा पहिला विजय मिळवून दिला, तो ९१७-०२३ क्रमांकाच्या लाल-पांढऱ्या मोटारीने. पण पोर्शने आपली पहिलीवहिली ९१७-००१ ही मोटार पुढे त्याच विजेत्या रंगात रंगवली आणि ती वर्षानुवर्षे त्याच रूपात प्रदर्शनांत मिरवली. ९१७ च्या पन्नाशीनिमित्त २०१९ मध्ये तिला पुन्हा तिचे पहिले रूप देण्यात आले. कारखान्याच्या स्वतःच्या संग्रहातही रंगावरून ओळख ठरवता येत नाही, हा त्याचा धडा.

दंतकथांचे काय?

बार्नाटो यांच्याच दुसऱ्या एका बेंटलीची गोष्ट बोलकी आहे. मार्च १९३० मध्ये त्यांनी पैज लावली, की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ कॅले बंदराला पोहोचण्याआधी आपण मोटारीने लंडनच्या क्लबात असू. ही पैज त्यांनी जिंकली. पुढे त्यांच्या डौलदार, उतरत्या छपराच्या स्पीड सिक्सला ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हटले जाऊ लागले. ती आगगाडीशी शर्यत लावत असल्याचे चित्रही प्रसिद्ध झाले. कागद तपासल्यावर कळले, की ही मोटार बार्नाटो यांच्या ताब्यात आली ती मे १९३० मध्ये, म्हणजे पैजेनंतर! पैज जिंकणारी मोटार त्यांचीच, पण वेगळी, चार दरवाजांची साधी बेंटली होती. मालकाच्या नावावरून आणि मोटारीच्या देखणेपणावरून इतिहास कसा चिकटतो, याचे हे उदाहरण.

प्रमाणपत्र पुरेसे नसते का?

जुन्या मोटारींच्या शर्यतींसाठी ‘फिआ’ ही जागतिक संघटना तांत्रिक पासपोर्ट देते. पण मोटार त्या काळच्या तांत्रिक नियमांनुसार आहे, एवढेच तो सांगतो. तिच्या इतिहासाची हमी तो देत नाही. नव्याने बांधलेली हुबेहूब मोटारही असा पासपोर्ट मिळवू शकते. फेरारीसारख्या कंपन्या स्वतःच्या दफ्तराच्या आधारे प्रमाणपत्र देतात, त्याला बाजारात वजन आहे. तरी खरेदीदार स्वतंत्र इतिहासकाराचा अहवाल मागतातच. लिलावसंस्थांनाही ठेच लागलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीची एक ‘ऑटो युनियन’ मोटार २००७ मध्ये पॅरिसच्या लिलावात येणार होती. तिच्या शर्यतींच्या इतिहासावर प्रश्न उपस्थित झाल्यानंतर तो लिलाव रोखावा लागला. मोटार खरी असल्याबद्दल वाद नव्हता. ती नेमकी कोणत्या शर्यतीत धावली, हाच मुद्दा होता.

भारतात नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, खासगी वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीसाठी शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी मोटार प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची अट वेगळी आहे. वाहन मूळ रूपात जपलेले असावे आणि चासी, बाह्य सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, असे नियम म्हणतो. म्हणजे लंडनच्या न्यायालयाने जिला ‘अस्सल’ ठरवले, ती ‘ओल्ड नंबर वन’ या कसोटीवर टिकणे कठीण. दोन्ही भूमिका आपापल्या जागी योग्य आहेत. नियम विचारतो, वस्तू जशीच्या तशी आहे का? न्यायालयाने विचारले, ही कहाणी याच मोटारीची आहे का?

मग खरेदीदाराने पाहायचे काय?

‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द एकच समजू नयेत. आजोबांची जुनी फियाट विकणाऱ्यापासून लिलावात कोट्यवधी मोजणाऱ्यापर्यंत सर्वांना हे लागू आहे. कोणता भाग कधी आणि का बदलला, याची नोंद असेल, तर बदललेली मोटारही आपली ओळख टिकवते. नोंदच नसेल, तर चकचकीत आणि अंगावर एकही ओरखडा नसलेली मोटारही संशयात सापडते. म्हणूनच जाणकार मोटारीचे बॉनेट उघडण्याआधी तिच्या कागदांची फाइल उघडतात.