एका बोटानं काय होतंय?

मे महिन्याची सुट्टी लागली, नणंद मुलांना घेऊन माहेरपणाला आली की 'एक दिवस सगळे मिळून कुठेतरी जाऊ या' हे ठरलेलंच. गेल्या वर्षी मुलांनी एकमुखानं अम्युझमेंट पार्क निवडला. सकाळी पराठे, ठेपले, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, बदली कपडे असा सगळा संसार गाडीत भरून आम्ही निघालो. सासूबाईसुद्धा हौसेनं आल्या.

माझी धाकटी लेक तेव्हा सात वर्षांची. आठवडाभर तिनं एकाच रोलर कोस्टरचा ध्यास घेतला होता. पाऊण तास उन्हात रांगेत उभं राहून आम्ही फाटकाशी पोचलो, तर तिथे ती उभी पट्टी. १२० सेंटिमीटर. आणि आमच्या बाईसाहेब ११८! तिचा चेहरा असा काही पडला, की बघवेना. सासूबाई म्हणाल्या, "अहो, एका बोटाचा तर प्रश्न आहे. एका बोटानं काय होतंय?"

फाटकावरची मुलगी असेल वीस-बावीस वर्षांची. शांतपणे म्हणाली, "नाही आजी, जमणार नाही. पुढच्या वर्षी आणा."

आता खरं सांगते. मी काय केलं असेल? लेकीला बाजूला नेलं, दोन हातरुमालांच्या घड्या केल्या आणि तिच्या बुटांत टाचेखाली सारल्या. केसांची शेंडी सोडून टाळूवर उंच बांधली. आणि पुन्हा रांगेत! दुसऱ्या वेळी त्या मुलीनं पट्टीचा आडवा दांडा शेंडीवर अलगद दाबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, बूट काढायला सांगता का?" मागे रांगेत पन्नास माणसं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रागाच्या भरात घरी आले ते 'कसले मेले नियम!' म्हणतच. माझे दीर मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "वहिनी, ती पट्टी मुलीची उंची मोजतच नाही. खुर्ची तिला होते की नाही, ते बघते."

मग आमच्या डायनिंग टेबलाशी जो 'क्लास' झाला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

भावजींनी आधी मला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, गुडघे खुर्चीच्या कडेला बरोबर दुमडलेले, पाय जमिनीवर. मग लेकीला बसवलं. पाठ टेकवली तर पाय सरळ पुढे, लाकडी बाहुलीसारखे. असं फार वेळ बसवत नाही. ती आपोआप पुढे सरकली, गुडघे दुमडले, आणि कंबर घसरून पाठ पोकळ झाली. "बघा," भावजी म्हणाले, "आता हिच्यावर दांडा आला तर तो मांडीवर नाही, पोटावर बसेल. मांडी आणि कंबरेचं हाड जोर सोसतं. पोटात नुसती आतडी, यकृत, प्लीहा. आणि धक्का बसला की अंग दांड्याखालून पुढे निसटतं ते वेगळंच."

यात मुलांच्या शरीराचाही भाग आहे. मोठ्या माणसाच्या कंबरेच्या हाडाला पुढे दोन्ही बाजूंना जे उंचवटे असतात, त्यांच्यावर पट्टा अडकून राहतो. लहान मुलांत ते उंचवटे अजून नीट तयार झालेले नसतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ते पट्टा धरून ठेवण्याइतके भरत नाहीत. म्हणजे दांडा अडकायला खुंटीच नाही.

मग भावजींनी कपडे वाळत घालायची काठी आणली. मला आणि लेकीला शेजारी बसवून ती दोघींच्या मांड्यांवर आडवी धरली. काठी माझ्या मांडीला टेकली आणि थांबली. तिच्या मांडीवर चांगली वीतभर पोकळी! दोघांना मिळून एकच दांडा असलेल्या पाळण्यांत नेमकं हेच होतं. दांडा थांबतो तो जाडजूड माणसापाशी. आपल्याला वाटतं, 'मी आहे ना शेजारी, मी धरते तिला.' पण अशा पाळण्यात आईचं शेजारी बसणंच मुलाचा दांडा सैल करतं. हे ऐकून मी गप्पच झाले.

"पण धक्का असतो तरी केवढा?" मी विचारलं. रोलर कोस्टर उंचवट्यावरून खाली झेपावतो तेव्हा पोटात गोळा येतो, तो काय असतो? गाडी खाली वळते, पण आपलं शरीर आधीच्याच दिशेनं वर जाऊ पाहतं. तेवढ्या क्षणी आपल्याला खुर्चीत ठेवणारा असतो तो फक्त दांडा. आणि गाडी तळाशी येऊन पुन्हा वर वळते तेव्हा उलटं. आपलं वजन तिप्पट-चौपट झाल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं; त्या क्षणी मानेला ते पंधरा किलोच्या वर भासतं. आता मुलांचं बघा. जन्मलेल्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या पाव भाग असतं, मोठ्यांचं सातवा-आठवा भाग. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ९० टक्के झालेला असतो. पण मान? मान त्या वयाचीच, बारीक. खांद्यावरून येणारा दांडा असेल तर त्यातही बुटकं मूल नीट बसत नाही. खांदे त्याच्या जागेपर्यंत पोचतच नाहीत आणि वळणावर डोकं दोन्ही बाजूंना आपटत राहतं.

"मग वय का विचारत नाहीत? वजन का नाही?" हा माझा पुढचा प्रश्न. वयाला दाखला लागतो आणि एकाच वयाची दोन मुलं उंचीनं वीतभर वेगळी असू शकतात. वजनानं मूल भरलेलं असलं तरी पाय पोचतीलच असं नाही. उंचीवरून मात्र मांडीची लांबी, बसल्यावरची खांद्याची उंची यांचा बराचसा अंदाज येतो, आणि ती फाटकावर दोन सेकंदांत मोजता येते. शिवाय उंचीबरोबर थोडी समजही आलेली असते. 'मध्येच उठायचं नाही' हे कळणं, घाबरल्यावरही दांड्याखालून निसटायला न बघणं, हाही सुरक्षिततेचाच भाग.

हे आकडे पार्कवाल्यांच्या मनात आले म्हणून लावलेले नसतात. पाळणा बनवणारी कंपनी तो किती वेगानं, कुठल्या दिशेला फेकतो, दांडा कसला आहे आणि कुठल्या मापाचं शरीर त्यात धरलं जाईल, हे ताडून मर्यादा ठरवते. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या 'एएसटीएम' या संस्थेनं पाळण्यांसाठी वेगळी समिती नेमली ती १९७८ साली. तिच्या मानकात धक्क्याच्या जोरानुसार दांड्या-पट्ट्यांचे पाच वर्ग केले आहेत. अगदी संथ पाळण्याला काहीच नको, आणि सर्वांत जोरदार पाळण्याला कुलूप बसल्याची खात्री करणारी पक्की व्यवस्था हवी. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही अशा पाळण्यांसाठी मानकं काढली आहेत.

गंमत म्हणजे काही पाळण्यांना 'याहून उंच नको' अशीही मर्यादा असते. छोट्यांच्या गाडीत मोठ्यांचे गुडघे मावत नाहीत. आणि हात वर करून ओरडणाऱ्या उंच माणसाचे हात वरच्या खांबाला लागू नयेत, हेही बघावं लागतं.

उंचीत बसलं म्हणजे झालं, असंही नाही बरं का. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑर्लंडो इथे ४३० फुटी मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या पाळण्यातून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. तो चांगला उंच होता. पण त्याचं वजन कंपनीच्या पुस्तिकेतल्या १३० किलोच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त होतं. तपासात दिसलं, की त्या खुर्चीचा सेन्सर हातानं बदलून ठेवला होता. त्यामुळे दांडा पुरेसा खाली आलेला नसतानाही पाळणा सुटला. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये कोलोरॅडोत सहा वर्षांची मुलगी गेली. ती आधीच अडकवलेल्या पट्ट्यांवर बसली होती, तिच्या अंगावर पट्टा नव्हताच. आणि यंत्रानं दिलेला इशारा चालवणाऱ्यांना उमगला नाही. दोन्हीकडे यंत्र मोडलं नव्हतं. 'चालतंय की' एवढंच झालं होतं.

आणि हो, यंत्रही मोडतं. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया इथे झुलणारा पाळणाच तुटून खाली आला, दोन माणसं गेली. तिथे उंचीची पट्टी काय करणार? ती पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे.

आपल्याकडे तर गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणे, ब्रेकडान्स, टोराटोरा लागतात. तिथे बहुतेक ठिकाणी पट्टी दिसतच नाही. म्हणून तिथे पट्टी आपणच व्हायचं. पाठ टेकवून बसल्यावर मुलाचे गुडघे कडेला दुमडतात का? दांडा पोटावर नाही, मांडीवर टेकतो का? खाली वीतभर जागा उरत नाही ना? कुलूप लागलं का, ते कुणी हलवून बघितलं का? एकालाही 'नाही' उत्तर आलं तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरायचं. आणि मूल मांडीवर घेऊन बसायचं तर नाहीच.

क्लास संपला असं मला वाटलं. पण भावजी म्हणाले, "वहिनी, येताना ही गाडीत कुठे बसली होती?"

पुढच्या सीटवर, तिच्या बाबांच्या शेजारी. खांद्यावरचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून मीच तो तिच्या काखेतून घेऊन दिला होता. ती रोलर कोस्टरमध्ये बसणार होती जेमतेम दोन मिनिटं, रुळांवर. गाडीत बसली अडीच तास, घाटातून, ट्रकांच्या मधून. गणित तेच. मोटारीचा पट्टाही मोठ्यांच्या मापाचा. तो मुलांना साधारण १४५ सेंटिमीटर उंचीनंतरच नीट बसतो, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोवर मागच्या सीटवर बसवायचं आणि खाली बूस्टर सीट द्यायची. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंड कोण करतंय, म्हणून आपण निर्धास्त. फाटकावर अडवणारी मुलगी आपल्या गाडीपाशी उभी नसते ना!

दुसऱ्याच आठवड्यात बूस्टर सीट आणली. लेकीनं 'मी काय बाळ आहे का?' म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं, मग खिडकीतून बाहेरचं नीट दिसतं म्हणून खूश झाली.

त्या रात्री झोपताना मात्र तिनं विचारलं, "आई, पट्टी खुर्चीसाठी होती, तर तू रुमाल का घातलेस?"

काय सांगणार? म्हटलं, "चुकलं माझं. मला वाटलं, तू रडू नयेस."

"पण मी तर रडलेच," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आता पेन्सिलीच्या रेघा आहेत. परवा तिनं स्वतःच बूट काढले, केस मोकळे सोडले आणि टाचा भिंतीला टेकवून उभी राहिली. १२३. सुट्टीत जायचं ठरलंय. फाटकावर ती मुलगी अजून असली तर तिला सांगायचं आहे, की आणली हो, पुढच्या वर्षी!