तळघरात पाणी कुठून येतं? नागपूरकरांचे काही पक्के गैरसमज

"आपल्या इथं काय पूर येते भाऊ, नागपूर तर उंचावर आहे!" २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत हे वाक्य शहरात बिनदिक्कत चालायचं. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवरच्या गावाला पुराची काय भीती, असा हिशेब. पण घरात पाणी शिरतं की नाही, हे ठरतं शेजारच्या नाल्यावरून आणि समोरच्या रस्त्यावरून. २३ सप्टेंबरच्या पहाटे सुमारे चार तासांत शंभराहून अधिक मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला ९० मिमी दोन ते चारच्या दरम्यान पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत लोकांना जाग आली तेव्हा पाणी घरात होतं. किमान चार माणसं दगावली.

त्या दिवशी दोन गोष्टी गावभर झाल्या : तलाव फुटला आणि ढगफुटी झाली. तलाव फुटला नव्हता. दीडशे वर्षांहून जुना बांध टिकला, पाणी सांडव्यावरून गेलं आणि पुढे अरुंद झालेल्या पात्रात मावलं नाही. ढगफुटी म्हणायला हवामान खात्याच्या मोजमापाप्रमाणे लहानशा क्षेत्रात तासाभरात १०० मिमी पाऊस लागतो, तेवढा झालाच नाही. म्हणजे जे घडलं ते शंभर वर्षांतून एकदा येणारं अरिष्ट समजून विसरून जाण्यासारखं नाही.

आता घराकडे येऊ. तळघर कोरडं ठेवायचं तर आतून चांगलं वॉटरप्रूफिंग करून घ्यावं, हा सर्वांत महागडा गैरसमज. वॉटरप्रूफिंग थांबवतं ती भिंतीतून झिरपणारी ओल. पश्चिम नागपुरातल्या काळ्या मातीत ही ओल असतेच. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात भिंतीशी पाणी धरून ठेवते. या ओलीसाठी बाहेरून केलेलं काम टिकतं. आतून फासलेला थर मागच्या पाण्याच्या दाबाने पुढेमागे सुटतोच. पण तळघर बुडतं ते झिरपून नव्हे. पाणी रॅम्पवरून सरळ आत येतं.

थोडं गणित करून पाहा. चार मीटर रुंद रॅम्पच्या तोंडावर फक्त दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त पाणी वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे दोनशे लिटर पाणी खाली पडतं. तीनशे चौरस मीटरचं पार्किंग कमरेपर्यंत भरायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तुमचा एक हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल पंप मिनिटाला काही शे लिटर उपसतो, आणि इथे मिनिटाला बारा हजार लिटर येताहेत! "आमच्याकडे पंप आहे" या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पंप रॅम्पवर पडलेल्या पावसासाठी आणि ओलीसाठी असतो. रस्त्याचं पाणी अडवायचं काम रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याचं.

आणि त्या उंचवट्यातच नागपुरात खरी मेख आहे. बिल्डरने उंचवटा दिला होता, मान्य. तो दिला तेव्हा समोर डांबरी रस्ता होता. नंतर सिमेंटचा रस्ता झाला, त्याची पातळी वर आली, आणि कित्येक प्लॉट रस्त्याच्या खाली गेले. कागदावरचा फूटभर उंचवटा आज दोन इंच उरला असेल. पातळीनळी घेऊन एकदा मोजून घ्या, त्याला खर्च काहीच नाही. कमी भरला तर गवंडी लावून वाढवा आणि त्याच्या आत जाळीची आडवी नाली काढा. २०२३ मध्ये तुमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं, तर उंचवट्याने भागणार नाही, तिथे सरकवून बसवायच्या पाट्यांचं फाटक लागेल. वाळूची पोती पाणी रोखत नाहीत, हळू करतात. मागे ताडपत्री नसेल तर तेही फारसं नाही.

दुसरी वाट कुणाच्या लक्षात येत नाही : संडासाची. रस्त्यावरची गडर लाइन तुंबली की पाणी उलटं फिरतं आणि सर्वांत खालच्या भांड्यातून किंवा मोरीच्या जाळीतून वर येतं. तळघरात शौचालय असेल तर लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि पावसाळ्याआधी तो उघडून साफ करायला हवा.

विजेचं म्हणाल तर ६ जुलै २०१८ आठवा. पावसाळी अधिवेशन नागपुरात भरलं होतं. विधान भवनाच्या वीज केंद्रात पाणी शिरलं, पुरवठा बंद करावा लागला आणि सभागृहाचं कामकाज त्या दिवसापुरतं थांबलं. राज्याच्या विधिमंडळाची ही गत, तर आपल्या अपार्टमेंटचे मीटर खाली ठेवून निश्चिंत कसं राहायचं? मीटर, पंपाचा पॅनल, इन्व्हर्टर वर हलवा. जनरेटरही तळघरात नको, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो.

जीव जातात ते मात्र "गाडी काढून येतो" या वाक्याने. दोन फूट पाणी म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. तीन फूट रुंद दारामागे दोन फूट पाणी साचलं की दारावर दीडशे किलोहून जास्त भार पडतो, आणि आतून ढकलणाऱ्याला ते उघडत नाही. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ ला कोचिंग क्लासच्या तळघरात तीन विद्यार्थी बुडाले. ती जागा सामान ठेवायला मंजूर होती, वापरली जात होती वाचनालय म्हणून. पाणी दिसलं की खाली उतरायचं नाही, लिफ्ट तर नाहीच.

गाडीचं नुकसान भरून मिळतं, पण विमा सर्वसमावेशक असला तर. नुसत्या थर्ड पार्टीत पुराचा छदाम मिळत नाही. बुडालेली गाडी सुरू करून इंजिनात पाणी ओढलं, तर वेगळं इंजिन कवच नसल्यास दावा बहुधा नाकारला जातो. चावी फिरवू नका, टो करून न्या. घरासाठी २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो.

पाणी ओसरल्यावर तळघर एका झपाट्यात उपसायची घाई नको. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी एकदम काढलं की भिंतीवर एकाच बाजूने दाब येतो आणि ती तडकू शकते. दिवसाला फूट-दोन फूट उतरवा.

आणि एक काम मृग लागायच्या आत कराच. अनेक स्कीममध्ये चौकीदाराचं कुटुंब तळघरातच झोपतं. त्यांची खोली वर हलवा.