बहादूरची मुलगी

अपार्टमेंटच्या नेपाळी वॉचमनला आपण सरसकट ‘बहादूर’ म्हणतो. त्याचं खरं नाव कितीजणींना ठाऊक आहे? १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे या माणसांना इथं राहायची, काम करायची मोकळीक आहे. त्यांची मुलं इथंच वाढतात. पोरगी अस्सल कोल्हापुरी मुलीसारखं ‘मी आलो’ म्हणते, तरी डोळ्यांवरून ती ‘चिंकी’, नाहीतर ‘चायनीज’! चिडवणारा विसरून जातो. तिला मात्र शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागतं, पालकसभेला ती आईला ‘येऊ नकोस’ म्हणते. आई तरी काय करणार? सोसायटीत कुणाशी वाद घातला तर जिन्याखालची खोली जायची.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची केसांवरून टवाळी झाली, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग नेमलेल्या बेझबरुआ समितीनं वंशावरून हिणवण्याविरुद्ध कायद्यात कलमं घालायला सांगितलं. पण जिन्यातल्या चिडवाचिडवीपर्यंत कायदा कुठला यायला! अमेरिकेतल्या भाचीच्या डब्याला कुणी नाक मुरडलं तर आपण इथं हळहळतो की नाही? मुलाच्या वाढदिवसाला खालच्या त्या मुलीला बोलवायचं, तर आधी तिचं नाव विचारावं लागेल. तिच्या बाबांचंही.