मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया: घरी परतल्यावरही सावध

मेंदूला रक्त पुरवणारी मानेतील कॅरोटिड धमनी चरबीच्या थराने अरुंद झाल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेने हा थर काढला जातो. मात्र त्या वेळी सुटलेला कण किंवा नंतर झालेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात घडवू शकते. रक्तप्रवाह एकाएकी वाढून, रक्तदाब चढून रक्तस्रावही होऊ शकतो. तीव्र डोकेदुखी व झटके हे त्याचे इशारे होत.

भोपाळात शस्त्रक्रिया करून बैतूलला परतलेला रुग्ण शल्यविशारदापासून सुमारे १८० किलोमीटर दूर असतो. त्यामुळे रक्तदाबाची नियमित तपासणी घरच्यांनीच करावी. तोंड वाकडे झाल्यास, हात लुळा पडल्यास वा वाचा अडखळल्यास १०८ ला बोलवावे. कारण गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनने कळते. उपचारही त्यावरच ठरतो.