उत्प्रेरकाचा पृष्ठभाग वाचणारं यंत्र

पिंपळनेरच्या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही नव्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये उत्प्रेरक म्हणून धातूंच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. ॲल्युमिना, सेरिया आणि त्यांवर प्लॅटिनम-पॅलेडियमसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म कण. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथे टेकतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. तो नेमका कुठे टेकतो, हे अवरक्त किरणांनी सांगणारं यंत्र म्हणजे एफटीआयआर.

महाविद्यालयांत ते बहुधा पदार्थ ओळखायलाच वापरतात. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलायचा, चकती दाबायची, आलेख काढायचा. उत्प्रेरकाला हे पुरत नाही. काम करतो तो फक्त वरचा थर, आणि त्यावर हवेतलं पाणी बसलेलं असतं.

म्हणून ब्रोमाइड न घालता ऑक्साइडचीच चकती दाबतात. काही मिलिग्रॅमची, चिमट्यात धरताना तुटेल इतकी पातळ. ती बंद सेलमध्ये ठेवून निर्वातात चारशे अंशांवर तापवतात. 3400 च्या आसपासचा पाण्याचा रुंद फुगवटा ओसरतो आणि सिलिका असेल तर 3745 ला एक टोकदार शिखर उभं राहतं: पृष्ठभागावरचे सुटे हायड्रॉक्सिल. (हे आकडे दर सेंटिमीटरला किती तरंग, याचे.)

मग पृष्ठभागाची आम्लता तपासायला पिरिडीनची वाफ सोडायची. पृष्ठभागाने प्रोटॉन दिला तर 1545 ला शिखर येतं. उघड्या धातू-आयनाने पिरिडीनला धरलं तर 1450 च्या आसपास. ॲल्युमिनावर मुख्यतः दुसरंच दिसतं. आम्लता किती हे इतर पद्धतीही सांगतात, पण ती कुठल्या जातीची हे इतकं स्वच्छ सांगणारी दुसरी पद्धत मला दिसत नाही.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट तर याहून सुंदर. मोकळ्या वायूत तो 2143 ला कंप पावतो. प्लॅटिनमवर सरळ उभा राहिला की 2070 च्या आसपास येतो, दोन अणूंवर पूल बांधून बसला की 1850 कडे घसरतो, कारण धातूचे इलेक्ट्रॉन त्याचा बंध सैल करतात. ॲल्युमिनियमच्या उघड्या आयनावर मात्र तो 2143 च्याही वर चढतो. प्लॅटिनमवरची ही शिखरं टेक्साको कंपनीच्या आयशेन्स यांनी 1954 मध्ये दाखवली.

महाराष्ट्रात उत्प्रेरकांचं मोठं घर म्हणजे 1950 मध्ये सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पॉल रत्नसामी यांच्यासारख्यांनी तिथे झिओलाइट आणि टायटॅनियम सिलिकेटांवर काम उभं केलं. त्या सिलिकेटांत 960 चं शिखर पाहणं ही पहिली तपासणी.

खानदेशातल्या महाविद्यालयात एफटीआयआर असेल, तर त्याला तापणारा सेल आणि निर्वात पंप जोडायला हवा. पिंपळनेरच्या एमएस्सीच्या मुलामुलींना सेरियाची पावडर स्वतः बनवता येते. तिच्यावर वायू कसा बसतो, हेही त्यांना तिथेच पाहता आलं पाहिजे.